पाहुण्याचा हात

दुकानदारानं बोट करून दाखवलं नसतं तर समोरच्या फ्लेक्सवर आपलंही नाव आहे हे वैजयंतीला कळलंच नसतं, इतकं ते खाली होतं आणि इतकं बारीक. भर दुपारी नवी पेठेतल्या चादरींच्या दुकानात ती गादीवर बसली होती. पुढ्यात मोरांच्या, वेलबुट्टीच्या, चौकटींच्या चादरी उलगडून पडल्या होत्या आणि त्यातल्या सहा चांगल्या निवडायचं काम शिबिर समितीचे सचिव शिवानंद सर यांनी तिच्यावर टाकलं होतं. का, तर बायकांना त्यातलं बरं कळतं. परदेशातून आलेल्या सर्जन पाहुण्यांचा उद्या सत्कार. मूत्ररोगाची सर्जन म्हणून त्याच रुग्णालयात उमेदीची सगळी वर्षं घातलेल्या बाईनं चादरींचा पोत बघायचा आणि आठवडाभरासाठी आलेल्यांनी रुग्णांची पोटं बघायची, अशी ही वाटणी! "मॅडम, ते बगा की, तुमचं बी नाव हाय," दुकानदार कौतुकानं म्हणाला. रस्त्यापलीकडे दोन दुकानांच्या मध्ये फ्लेक्स ताणला होता. वर विमान, विमानाखाली हसरे गोरे चेहरे, 'मोफत मूत्ररोग शस्त्रक्रिया महाशिबिर', आणि अगदी तळाला, मंडपवाल्याच्याही नावाखाली, 'विशेष सहकार्य : डॉ. सौ. वैजयंती'. आडनाव गाळलं होतं, सौ. मात्र विसरले नव्हते. पण तिच्या काळजात चर्र झालं ते स्वतःच्या नावानं नाही. मधोमध एका माणसाचा हात जोडलेला फोटो होता. लाल पटका, वर आलेली गालाची हाडं, दाट मिशी. वळसंगकडचा मेंढपाळ बिरुदेव. गेल्या जानेवारीत शिबिरातल्या म्हाताऱ्या व्हिटली साहेबांनी त्याची लघवीची बंद झालेली वाट नव्यानं करून दिली होती. फोटोखाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'मी मोकळा झालो.' आणि तो त्यानंतर एकदाही तपासणीला आलेला नव्हता. निरोप धाडले, त्याच्या वस्तीवरच्या आशा सेविकेला फोन केले, कळप घेऊन लांब गेलाय एवढंच उत्तर यायचं. हा माणूस कुठं आहे, त्याला लघवी होते की नाही, तो जिवंत तरी आहे का, हे या शहरात एकालाही ठाऊक नव्हतं. तो मोकळा झाल्याचं मात्र सगळ्या पेठेला ठाऊक होतं. ती तशीच त्या फोटोकडे बघत राहिली असती, पण पर्समध्ये फोन वाजला. अपघात विभागातून अनिलकुमार, तिचा ज्युनिअर. "मॅडम, कॅम्पचा जुना पेशंट आलाय. कालपासून लघवी पूर्ण तुंबलीय, ताप आहे. कुणाला हात लावू देत नाही. उद्या शिबिर आहे म्हणून आलोय, साहेबच पाहिजेत म्हणतो." नाव विचारायची गरज नव्हती, तरी तिनं विचारलं.

"कुठल्याही सहा बांधा," असं दुकानदाराला सांगून ती रिक्षात बसली आणि रिक्षा दहा पावलांवर जाऊन अडकली. पुढे हातगाडी, हातगाडीपुढे लग्नाचा बस्ता घेऊन रस्त्याच्या मधोमध उभं राहिलेलं एक अख्खं खटलं. रिक्षावाला हॉर्न वाजवत होता आणि वैजयंतीच्या कानशिलात तो हॉर्न ठणकत होता. तुंबलेली लघवी म्हणजे काय असतं हे त्या माणसाला माहीत होतं, तिला माहीत होतं, मध्ये ही सगळी पेठ होती. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात. पण पिकवणाऱ्यानं ते किती दिवस ऐकून घ्यायचं? ती या गावात आली तेव्हा बाह्यरुग्ण विभागाच्या दारावर पाटी लागली, आणि पुरुष रुग्ण आत यायचे, तिला बघायचे, मागे फिरून पाटी पुन्हा वाचायचे. "डाक्टर सायब कुटं गेल्यात?" मीच डॉक्टर म्हटलं की त्यांचं दुखणं बदलायचं. लघवीचं दुखणं घेऊन आलेले लोक गुडघे दाखवून परत जायचे. उलट बायकांची रांग लागायची. खोकलं की लुगडं भिजतं, हे ज्या बायकांनी पोटच्या लेकींनाही कधी सांगितलं नव्हतं त्या दार लावून घेऊन तिच्यापाशी रडायच्या. पण बायकांच्या रांगेचा फ्लेक्स कोण लावतो? खुद्द तिचे वडील, महिपती तळेकर, गावाकडे केमच्या स्टेशनावर कुणी विचारलं तर अभिमानानं सांगायचे, लेक सर्जन आहे. कशाची? पोटाची. मरेपर्यंत त्यांनी ते पोट खाली सरकू दिलं नाही. तेव्हा तिला त्याचं हसू यायचं. आज रिक्षात बसून हसू आलं नाही.

बिरुदेवही आधी तिच्याकडेच आला होता. टेम्पोत मेंढरं चढवताना पाय घसरून तो फाळक्यावर दोन्ही बाजूंना पाय टाकून आदळला होता, आतली नळी चेचली होती, आणि कुठल्याशा दवाखान्यात बेंबीखाली भोक पाडून रबरी नळी आणि पिशवी लावून त्याला घरी पाठवलं होतं. तो आला, दारातून तिला बघितलं, आणि जिन्याच्या पायरीवर जाऊन बसला. आत पाठवली बायकोला, केराबाईला. केराबाईनं खुर्चीवर न बसता उभ्या उभ्या नवऱ्याचं सगळं दुखणं सांगितलं, दाबल्यावर कुठं दुखतं तेही स्वतःच्या अंगावर हात ठेवून दाखवलं. वैजयंती म्हणाली, आठवड्याभरात ऑपरेशन करते, त्यांना आत घेऊन या. केराबाई जिन्यापर्यंत गेली आणि परत आली. "न्हाय म्हनत्यात वो. गोऱ्या सायबाचं शिबिर हाय म्हनं, तवर थांबतो म्हनत्यात." आणि थांबला की तो! उन्हाळा, पावसाळा, दिवाळी, पोटाला नळी लटकावून मेंढरांमागे हिंडत थांबला. मग शिबिर आलं. ती मदतनीस म्हणून उभी राहिली, जखमेच्या कडा धरून. व्हिटलींचा हात चांगला होता, त्याला नाही म्हणणं खोटेपणा होईल. सत्तरी ओलांडलेल्या माणसानं गालाच्या आतलं अस्तर काढून ते नळीला असं जोडलं की बघत राहावं. स्वतःच्या खिशातून तिकीट काढून येणारा माणूस, बोलायला मऊ. राग त्याच्या हातावर नव्हता. राग होता तो सहाव्या दिवशीच्या विमानावर. ही नळी पुन्हा आकसते. तिच्यावर वर्षभर डोळा ठेवावा लागतो, हे व्हिटलींना तिच्याइतकंच ठाऊक. दरवर्षी तीन देशांत ते असे आठवडे वाटायचे, आफ्रिकेत एक, दक्षिण अमेरिकेत एक, आणि एक सोलापुरात. आणि दर आठवड्याच्या मागे वर्ष उरायचं ते तिथल्या कुणाच्या तरी गळ्यात पडायचं. तिनं समितीच्या बैठकीत विचारलं होतं, नंतर यांना कोण बघणार? शिवानंद सर चहाचा कप खाली न ठेवता म्हणाले होते, "तुम्ही आहात की!" बैठकीतले सगळे हसले होते आणि तीही हसली होती, हे तिला आता आठवलं आणि त्या हसण्याची चीड आली.

अपघात विभागात शिरताच घामाचा, तापाचा आणि मेंढरांच्या लोकरीचा मिळून एक वास आला. बिरुदेव खाटेवर कुशीला वळून गुडघे पोटाशी घेऊन पडला होता. ओठ कोरडे, डोळे लाल, दातांखाली पटक्याचं टोक. अंगावरच्या सदऱ्यातूनसुद्धा बेंबीपर्यंत आलेला फुगवटा दिसत होता. पोटातली लघवीची पिशवी तुंबून तिथवर चढली होती. अनिलकुमार बाजूला उभा होता, त्याच्या मनगटावर नखांचे ओरखडे. रक्ताचा रिपोर्ट त्यानं नुसता पुढे केला. दोन्ही मूत्रपिंडांवर ताण आला होता, रक्तात विष चढायला लागलं होतं. जुन्या जागीच पोटातून सुई घालून नळी बसवायची. काम पंधरा मिनिटांचं. ते आत्ता झालं तर मूत्रपिंडं वाचतील, उद्यावर गेलं तर सांगता येत नाही. तिनं बिरुदेवच्या खांद्यावर हात ठेवला तसा तो शॉक बसल्यासारखा मागे सरला.

"नगं बाई. पाया पडतो. हात लावू नगा."

"बाईचा नको ना? ठीक. हे अनिलकुमार आहेत, पुरुष आहेत. हे करतील, मी पाठ फिरवून उभी राहते."

"कुनाचाच नगं." तो थांबून थांबून, कळ आली की डोळे मिटून बोलत होता. "सायबानं बांधलंय. सायबच सोडंल. आमच्यात मेंढराचा पाय मोडला तर ज्यानं कामट्या बांधल्या त्यानंच त्या सोडायच्या. दुसऱ्याचा हात लागला की सांधलेलं उकलतंय. आमच्या आज्ज्यापासनं हाय हे."

"वरीस झालं, ह्येच चाललंय!" केराबाईचा आवाज एकदम फुटला. ती खाटेच्या पायथ्याशी उभी होती, मांडीला मांडी लावून बसायचं जणू तिला या इमारतीत कधी जमलंच नव्हतं. "चार म्हैनं बरं हुतं. मग धार बारीक झाली, मग थेंब थेंब. तवापासनं पानी प्यायचं सोडलंय यानं. तहान लागली तर चूळ भरतंय आन् थुकतंय. देवाच्या घोंगड्यावर बसत न्हाय, थेंब पडंल म्हनून पोत्यावर झोपतंय. मी म्हनलं, तितं बाई हाय, लई चांगली हाय म्हनत्यात, चल. तर म्हनतंय, सायबाचं काम दुसऱ्यानं उसवाय नगं. मेलास तर त्यो सायब येनार हाय का रं तुला उचलाय?"

"येतंय की त्यो. दर जानेवारीला येतंय," बिरुदेव म्हणाला. इतक्या कळांमध्येही त्याच्या आवाजात त्या माणसाविषयी खात्री होती, आणि वैजयंतीला ती खात्री ऐकवेना.

तिच्या नाकात एकाएकी दुसराच वास आला. केमच्या रानातल्या त्यांच्या गोठ्याचा, फार जुना. एका वर्षी मेंढपाळांचा कळप त्यांच्या रानात खतासाठी बसवला होता. त्याच दिवसांत त्यांच्या शेळीचा पाय मोडला. एका मेंढक्यानं कामट्या लावून, लोकरीच्या दोऱ्यानं तो झकास बांधून दिला आणि सांगितलं, दिवाळीच्या आत मीच येऊन सोडतो, तोवर कुणी हात लावू नका. मग कळप पुढे गेला. दिवाळी झाली. शेळीचा पाय बांधाखाली सुजला, मग त्याला घाण यायला लागली. आई, मथुराबाई, विळा घेऊन उठली की दादा, म्हणजे वडील, तिचा हात धरायचे. पाहुण्याचा हात आहे तो, त्याचा शब्द मोडायचा नाही. आईचं म्हणणं साधं होतं, शेळी आपली आहे. पण ती मालकीण असून विळा खाली ठेवायची, कारण घरात शब्द दादांचा. शेळी गेली. आणि मेंढका पुढच्या उन्हाळ्यात आला की हसत, खांद्यावर काठी टाकून, "शेळी कशी हाय पाटील?" दादांनी त्याला चहा दिला आणि म्हणाले, विकली, चांगली विकली गेली. त्याला वाईट वाटू नये म्हणून! आई दाराआड चुलीपुढे बसली होती, चहा तिनंच केला होता, आणि ती फुंकणीनं निखारे असे फुंकत होती की सगळ्या घरात राख उडाली. लहानग्या वैजयंतीच्या डोळ्यांत ती राख गेली होती. पाहुण्याला वाईट वाटू नये, आणि घरच्यांना? घरच्यांना वाटून वाटून काय वाटणार. हे तेव्हा तिला शब्दांत सांगता येत नव्हतं, आता येत होतं, पण आताही सांगायला समोर कोण होतं? पटक्याचं टोक चावणारा हा माणूस आणि याच्या पोटात चढत चाललेलं पाणी.

शिवानंद सर आले ते लगबगीनं, परफ्यूमचा घमघमाट घेऊन. त्यांनी खाटेकडे एकदाच बघितलं, ओळखलं, आणि तिला बाजूला घेतलं. "मॅडम, हा फ्लेक्सवरचा ना? हा इथं कसा? पाहुणे फेरी मारायला निघालेत, मागं फोटोवाले आहेत. याला ॲम्ब्युलन्समध्ये घाला आणि दुसरीकडे पाठवा. खर्च समिती बघेल."

"हा वाटेत मरेल."

"अहो, मरेल काय लगेच! तुम्ही इमोशनल होताय."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चौदा वर्षं तिनं या माणसाच्या बैठकांना वेळेवर हजेरी लावली होती, शिबिरानंतरचे चिघळलेले टाके, निसटलेल्या नळ्या, पुन्हा बंद झालेल्या वाटा निमूटपणे निस्तरल्या होत्या, आणि अहवालात दरवर्षी 'सर्व रुग्ण सुखरूप' असं वाचलं होतं. सुखरूप कुणी केले हे त्यात कधीच नव्हतं. "इमोशनल नाही," ती म्हणाली, आणि आवाज इतका मोठा निघाला की अनिलकुमारनं मान वळवली. "मला संताप आलाय. दोन्हींत फरक असतो, शिवानंद सर. हा इथून हलणार नाही. याचा फोटो पेठेत टांगायला चालतो आणि हा स्वतः आलेला चालत नाही?" पुढे आणखी बरंच बोलायचं होतं, पण दारात पावलं वाजली आणि शिवानंद सरांच्या चेहऱ्यावर बटण दाबल्यासारखं हसू आलं.

व्हिटली दारात उभे होते. गेल्या वर्षीपेक्षा वाकलेले, गळ्यात दुपारच्या स्वागताचा झेंडूचा हार तसाच. कण्हण्याचा आवाज ऐकून ते बाकीच्यांना सोडून आत आले होते. डॉक्टर म्हणून ते खरे होते, त्याला काय करणार. बिरुदेवनं त्यांना बघितलं मात्र, त्याचा सगळा चेहरा बदलला. दातांतलं पटक्याचं टोक सुटलं. तो उठून बसायला धडपडला, कळ आली तशी पुन्हा पडला, आणि पडल्या पडल्या त्यानं दोन्ही हात जोडले. व्हिटलींनी त्याच्या पोटावर हलक्या हातानं चाचपलं. त्यांचा हात मात्र त्यानं लावू दिला. धोतर जरा सरकवून त्यांनी खालचा टाक्यांचा वण बघितला आणि इंग्रजीत हळहळून म्हणाले, "बिचारा. याचं ऑपरेशन कुणी केलं होतं?"



"तुम्ही," वैजयंती म्हणाली.

"मी?" ते गोंधळले. चष्मा वर करून त्यांनी बिरुदेवच्या चेहऱ्याकडे पुन्हा पाहिलं आणि तिथं काहीच सापडलं नाही. "असेल. इतके असतात, तुला माहीतच आहे. याला माझ्या यादीत घे ना, गुरुवारी पुन्हा करून टाकू."

"गुरुवारी होणार नाही. आधी नळी, मग ताप उतरायला हवा, मूत्रपिंडं निवायला हवीत. दोन महिने तरी. तुम्ही तेव्हा इथं नसाल."

"हो," ते म्हणाले. मग जरा थांबून, खाली बघत, "मग माझ्या अशा रुग्णांना नंतर कोण बघतं?" इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांनी पहिल्यांदा विचारला होता.

"काय म्हनतोय सायब?" बिरुदेव विचारत होता. "वळखलं न्हवं मला?" त्याचे डोळे तिच्या तोंडाकडे लागले होते. आणि केराबाई पुढे होऊन तिच्या दंडाला धरून म्हणाली, "बाई, आमच्यात आसं बी चालतंय. बांधनाऱ्याचा हात रिकामा नसंल तर त्यानं नुसतं तोंडानं 'सोडलं' म्हनायचं. मग कुनी बी सोडावं. सायबाला म्हनावं तेवढं तरी म्हन."

साधी गोष्ट होती. व्हिटलींना दोन वाक्यांत समजावून सांगता आली असती. पण समजावायचं म्हणजे काय? की तुम्ही ज्याला ओळखत नाही तो माणूस तुमच्यासाठी वर्षभर तहानलेला राहिला, आता कृपा करून याला तुमच्या तावडीतून सोडता का? एवढं शिकून, एवढी ऑपरेशनं करून, स्वतःच्या मुलखातल्या माणसाच्या पोटाला हात लावायला तिला या म्हाताऱ्याची परवानगी मागावी लागावी! आणि शिवानंद सर मागे उभे, त्यांच्यामागे कॅमेरे. खरं सांगावं, ओरडून सांगावं, अरे त्यानं तुला ओळखलंसुद्धा नाही, असं तिच्या जिभेच्या टोकावर आलं. त्याच वेळी बिरुदेवला मोठी कळ आली, त्याचे पाय ताठ झाले, आणि तिच्या कानांनी तो आवाज ऐकला जो शेळीचा होता की माणसाचा होता हे तिला त्या क्षणी वेगळं काढता येईना. ती खाटेवर वाकली.

"ओळखलं," ती म्हणाली. "साहेब म्हणतात, लगेच ओळखलं. म्हणाले, माझा हात आता म्हातारा झालाय. मी सोडलं. आता बाईंनी पुढं बघावं."

बिरुदेवनं तिच्याकडे बघितलं, मग साहेबांकडे. बराच वेळ. मग त्यानं डोळे मिटले आणि स्वतःच्या हातानं सदरा वर केला.

बाकीचं तिच्या हातांनी केलं. पडदा ओढला गेला, बाहेरचे बाहेर राहिले. भूल देणारी बारीक सुई, जुन्या वणाशेजारी छोटासा छेद, मग ती जाड सुई आत जाताना बोटांना लागणारी तो ओळखीचा अटकाव आणि अटकाव संपल्याचा हलका झटका. नळीतून आधी गढूळ, मग लालसर, मग पिवळी धार आली. ती एकदम वाहू न देता, मध्ये मध्ये चिमटा लावत, ती उभी राहिली. ताणलेलं पोट हळूहळू बसत गेलं. बिरुदेवच्या कपाळावरच्या शिरा मऊ झाल्या आणि त्याच्या घशातून एक मोठा, लाज सोडलेला उसासा निघाला. "आई गं," तो म्हणाला. पडद्यापलीकडून शिवानंद सरांचं इंग्रजी ऐकू येत होतं, साहेबांच्या नुसत्या दर्शनानं रुग्णाला कसा धीर आला ते ते कुणाला तरी सांगत होते. तिचे हात स्थिर होते. राग तसाच होता, आणि त्यातला मोठा वाटा आता स्वतःवरचा होता. कारण साहेबांच्या खात्यावर आणखी एक चमत्कार तिनंच आपल्या तोंडानं जमा करून दिला होता.

सकाळी वॉर्डात ताप उतरलेला होता. केराबाई खाटेजवळ जमिनीवर बसून दुधात भाकरी कुस्करत होती. वैजयंती तपासायला आली तर खाटेभोवती गर्दी. मध्ये व्हिटली, शेजारी शिवानंद सर, समोर फोटोवाला. "मॅडम, जरा बाजूला होता का? फ्रेममध्ये येताय," फोटोवाला म्हणाला, आणि ती झाली बाजूला, सवयीनं. बिरुदेवनं उशीला टेकून पटका नीट केला आणि हात जोडले. व्हिटलींनी त्याचे जोडलेले हात आपल्या हातांत घेतले, त्यांचे डोळे भरून आले होते. जाताना ते तिच्यापाशी थांबले, काहीतरी बोलणार असं वाटलं, पण शस्त्रक्रियागृहातून बोलावणं आलं आणि त्यांच्यामागून सगळी वरात गेली.

ती तिथंच उभी राहिली. रात्रभर गिळलेलं वर आलं. आता नळी बसली होती, आता हा वाचणार होता, आता खोटं टिकवायचं कुणाच्या भल्यासाठी?

"बिरुदेव," ती म्हणाली, "काल साहेब तसं काही बोलले नव्हते. सोडलं म्हणाले नव्हते. मी मनचं सांगितलं. त्यांनी तुम्हाला ओळखलंही नव्हतं."

केराबाईचा कुस्करणारा हात थांबला. बिरुदेवनं मिशीवरून हात फिरवला.

"म्हाइत हाय की."

"काय?"

"मानसानं वळखलं का न्हाय, त्ये कळाय विंग्रजी लागतंय व्हय? डोळं दिसत्यात की. माझं मेंढरू बी सांगंल."

"मग मला हात का लावू दिलात?"

"तुमी म्हनलासा न्हवं, सोडलं म्हनून. त्यो म्हनत न्हवता. कुनीतरी म्हनाय पायजे हुतं." तो हे इतकं सरळ म्हणाला की जणू वर्षभर तो फक्त त्या एका शब्दाची वाट बघत होता आणि तो कुणाच्या तोंडून येतो याला फारसं महत्त्व नव्हतं.

"आणि आत्ता हात जोडलेत ते कशाला? फोटो कशाला काढू दिलात? त्या माणसानं तुम्हाला वर्षभर विचारलं नाही!"

"म्हातारा मानूस हाय वो. समिंदर वलांडून यवढ्या लांब येतंय. पाव्हना. त्येला कशाला वाईट वाटू द्यायचं?" तो जरा हसलाही. "काल लई कावराबावरा झालता बगा, माझं त्वांड आटवंना तवा. मलाच कसंतरी झालं."

हा उपाशी, तहानलेला, पोत्यावर झोपलेला माणूस त्या विमानातून येणाऱ्या माणसावर दया करत होता. दयेचा हा धंदा मुळात कुठल्या दिशेनं चालतो, हे ना त्या फ्लेक्सवाल्याला माहीत होतं ना त्या म्हाताऱ्याला. आणि या मोठेपणाचं कौतुक वाटायच्या ऐवजी तिला त्याचाच सगळ्यात जास्त राग आला. यांच्या या मोठ्या मनामुळेच तर दरवर्षी विमान येतं, दरवर्षी सुखरूप होतं सगळं.

"आणि मला वाईट वाटलं तर?" ती म्हणाली. आवाज फाटला तिचा. पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा वळून बघायला लागला. "मी इथं बारा महिने असते. पायऱ्यांवरून परत गेलात तेव्हा मी इथंच होते. मला वाटत नाही काही?"

बिरुदेव खरोखरच चकित झाला. हे त्याच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. त्यानं केराबाईकडे बघितलं; तिनं मान खाली घालून भाकरीच्या कुस्करलेल्या तुकड्यात बोट फिरवलं. मग तो समजूत घालावी तसं म्हणाला,

"तुमी काय, घरच्याच की, बाई."

आणि अंगावरची चादर त्यानं आपण होऊन बाजूला केली, तिला तपासता यावं म्हणून. वैजयंती उभीच राहिली. हे आपण कधीपासून ऐकायची वाट बघत होतो आणि हेच ऐकून आपल्याला गळा काढून रडावंसं का वाटतंय, हे तिला कळेना. मग तिनं हातमोजे चढवले.

"पाय लांब करा," ती ओरडली, घरच्यांवर ओरडतात तशी, आणि त्यानं निमूटपणे केले.